घरात वाढलेली प्रार्थना



साहित्याच्या व्यासपीठावर प्रार्थनेविषयी बोलायचे, आणि तेही ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या प्रार्थनेविषयी, हे काहींना आडवळणाचे वाटेल. पण मराठीतून प्रार्थना वजा केली तर मागे काय उरते, याचा हिशेब करून पाहावा. पसायदान गेले, अभंग गेले, करुणाष्टके गेली, भूपाळ्या आणि आरत्या गेल्या, जात्यावरच्या ओव्यांतील निम्म्या गेल्या. आपल्या भाषेत साहित्य नंतर आले, विनवणी आधी आली. धार-देवासच्या मराठी घरांना तर हे वेगळे सांगायला नको. पवारांच्या मागोमाग आपले पूर्वज इथे आले त्याला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. या काळात कचेरीची भाषा बदलली, बाजारात हिंदी आणि माळवी आली, मुलांच्या शाळेत इंग्रजी आली. मराठी टिकली ती मुख्यतः दोन जागी, स्वयंपाकघरात आणि देवघरात. ज्या घरात नातवंडे एकमेकांशी हिंदीत भांडतात, त्या घरातही दिवेलागणीला हात जोडले की मराठी तोंडात येते.

म्हणून आजचा प्रश्न आपल्याला परका नाही. मराठी ख्रिस्ती माणसे प्रार्थना करायला कशी शिकली, रोजच्या संसारात ती प्रार्थना कशी वाढली, आणि ती वाढली हे ओळखायचे कशावरून, एवढेच मला मांडायचे आहे. यात धर्मप्रसार नाही आणि धर्माधर्मांची तुलनाही नाही. माझ्यासमोर मुख्यतः एक घर आहे: नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. त्याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचे केडगाव आहे. दोन्हीकडची माणसे मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. 'स्मृतिचित्रे' न वाचलेले घर आपल्यात क्वचितच असेल. पण त्यांच्याकडे आपण बहुधा धर्मांतराची हकीकत म्हणून पाहतो. धर्मांतर एका दिवशी होते, त्याची तारीख सांगता येते. प्रार्थना मात्र रोज करावी लागते, आणि तिची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. मला त्या बिनतारखेच्या गोष्टीत अधिक रस आहे.

सुरुवात तारखेनेच करू. १८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. एका संस्थानात नोकरीचा आधार मिळतो का, हे पाहायला निघालेला हा तिशीतला कोकणी ब्राह्मण कवी आपल्या पूर्वजांसारखाच होता. विद्या गाठीशी, पोटाची चिंता पाठीशी, आणि वाट परमुलखाची. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. कवितेवर बोलणे झाले, मग धर्मावर. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही. पण वाचतो असे म्हटले होते, म्हणून त्यांनी वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले आणि तिथून त्यांना पुढे हलता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ज्या प्रवचनाने त्यांना थांबवले, त्याच्या मधोमध प्रार्थनेचा धडा आहे. येशू तिथे आधी दोन गोष्टी नको म्हणतो. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका. आणि पुष्कळ बोलले की देव ऐकतो, अशा समजुतीने शब्दांची रास घालू नका. मग तो सांगतो की आपल्या खोलीत जा, दार लावा. यानंतर तो जी प्रार्थना शिकवतो, ती प्रभूची प्रार्थना म्हणून जगभरच्या ख्रिस्ती घरांत रोज म्हटली जाते. ती एवढी आखूड आहे की म्हणायला अर्धा मिनिटही पुरेल. तिची बांधणी मात्र पाहण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिच्यात 'मी' हा शब्दच नाही. दार लावून एकटा बसलेला माणूस 'आम्ही' म्हणून बोलतो. दाराबाहेर राहिलेली सगळी माणसे अशा रीतीने खोलीत येतात. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी देवाचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा. आणि मग आपली गरज. तिसरी गोष्ट मागणीची. मागायचे काय, तर आजच्या दिवसापुरते अन्न. वर्षाचे धान्य नाही, मुलाची नोकरी नाही, कोर्टाचा निकाल नाही. या गोष्टी मागू नयेत असे त्यात म्हटलेले नाही. पण मागण्याचे माप एका दिवसाचे ठेवले आहे. म्हणजे उद्या पुन्हा यावे लागणार. जो एकदाच भरपूर मागून घेतो त्याला परत येण्याचे कारण उरत नाही. चौथी गोष्ट सर्वांत अवघड. आम्हाला क्षमा कर ही विनंती एका अटीला बांधलेली आहे: आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी. ज्याच्याशी सकाळीच बोलाचाली झाली, त्याचे तोंड डोळ्यांसमोर येऊ न देता हे वाक्य म्हणता येत नाही.

प्रार्थनेत वाढणे म्हणजे काय, याचे उत्तर मला या चार गोष्टींत दिसते. लहानपणी आपण ही प्रार्थना पाठ करतो. पुढे ती म्हणतो. आणि आयुष्य पुरेसे लांब असेल, तर कधीतरी तिचे एखादे वाक्य आपल्याला अडवते. पाठांतराला एक दिवस लागतो. 'आम्ही' या शब्दात शेजारचा माणूस बसायला तीस वर्षेही लागतात.

आता घरात येऊ. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बाजू सांगताना त्या दिवशी घरात काय मोडले, ते सांगितलेच पाहिजे. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. पदरात लहान दत्तू, माथ्यावर नातेवाइकांचा शोक, आणि नवरा असून नसल्यासारखा. एका माणसाच्या अंतरातील प्रकाशाची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली. टिळकांचे चरित्र भक्तिभावाने सांगणारे कधी कधी या जखमेवरून चटकन पुढे जातात. लक्ष्मीबाई स्वतः तसे करत नाहीत. त्या सगळे सांगतात, रडणे सांगतात, राग सांगतात, आणि मधेच असे काही सांगतात की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. प्रार्थनेत वाढणाऱ्या माणसाने आपल्या वाढीचा भार कोणावर पडतो आहे हे विचारायला हवे. हा प्रश्न त्या घराने आपल्यासमोर ठेवला आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या साधकाला चुकलेला नाही.

लक्ष्मीबाईंना प्रार्थनेआधी कर्मकांड भरपूर माहीत होते. त्यांचे वडील सोवळ्यात इतके बुडालेले होते की घरात येणारे मीठसुद्धा धुतले जाई. मीठ धुतल्यावर काय उरते हे आपल्याला ठाऊक आहे. मला ती गोष्ट नुसती विनोदाची वाटत नाही. त्या वेडाच्या मुळाशी दुःख होते; सत्तावनच्या धामधुमीत त्या घरात एका जवळच्या माणसाला फाशी झाली होती. भ्यालेला माणूस विधी वाढवत जातो. आणि नेम वाढवण्याला आपण प्रार्थना वाढली असे समजतो. ख्रिस्ती घरेही याला अपवाद नाहीत. उपास, पाठ, ठरावीक प्रार्थना यांची संख्या वाढते आणि आतली चव मात्र धुतली जाते.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे राहायला गेल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. एकाच घरात दोन धर्म, दोन चुली. टिळकांनी त्यांना बळेच ओढले नाही. पुढे एकदा जातिभेद कोणी निर्माण केला, यावर विचार करता करता त्यांचे त्यांनाच उमगले की हे माणसाचे काम आहे, देवाचे नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी चालवून घेतले. लक्षात घ्या, तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. आधी पाण्याचा पेला बदलला, मग देवाचे नाव. मला ही त्यांच्या प्रार्थनेतील पहिली मोठी वाढ वाटते. जरी त्या प्रसंगाला त्यांनी प्रार्थना असे नाव दिलेले नाही. एकटीने बसून, प्रामाणिकपणे, स्वतःला न चुकवता केलेला विचार, आणि मग त्याप्रमाणे उठून केलेली कृती. 'दार लाव' या सांगण्याचा याहून सरळ अर्थ मला माहीत नाही.

त्यानंतरचे त्यांचे अहमदनगरचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. अनाथ मुले, विद्यार्थी, वाट चुकलेली माणसे. बालकवी ठोमरे त्याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या मायेखाली वावरले. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे; समोरचा गरजू दिसला की खिसा रिकामा. मग दिवसाचे अन्न कसे उभे करायचे, याची काळजी लक्ष्मीबाईंची. प्रभूच्या प्रार्थनेतील आजच्यापुरत्या अन्नाची ओळ टिळकांनी कवी म्हणून म्हटली असेल, पण चुलीपाशी उभे राहून ती पाळली त्यांच्या बायकोने. प्लेगच्या साथीत त्या रोग्यांच्या छावणीत सेवेला गेल्या. मीठ धुणाऱ्या घरातील मुलगी आता ज्यांना घरचेही शिवत नव्हते अशांच्या उशाशी बसली होती. तिची प्रार्थना किती वाढली हे विचारणाऱ्याला तेवढे दाखवावे.

ख्रिस्ती परंपरेत या प्रकारच्या प्रार्थनेची ओळख जुनी आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा बंधू होता. त्याच्याकडे काम होते स्वयंपाकघराचे. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवापाशी तेवढेच असतो जेवढे उपासनेत गुडघे टेकून असतो, हा त्याचा अनुभव. त्याची पत्रे आणि संभाषणे त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि आजही वाचली जातात. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंच्या जात्याला विठ्ठलाचा हात लागला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. काम संपवून मग प्रार्थना करू म्हणणाऱ्याचे काम कधी संपत नाही. कामातच प्रार्थनेला जागा दिली, तर दोन्ही होते.

आता भाषेचा प्रश्न, कारण शेवटी हे साहित्याचे व्यासपीठ आहे.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर म्हटली जात. अर्थ बरोबर असे, भावही खरा असे. पण जीभ परकी होऊन गात असे. टिळकांना हे सलले. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो पाडायचा नसतो, हे त्यांना कळले होते. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने केली. 'अभंगांजली'त त्यांची प्रार्थना मुलाने आईशी बोलावे तशी बोलते, हट्टाने, लाडाने, कधी रुसून. मराठी ख्रिस्ती उपासनेत आज जी गीते गायली जातात, त्यांत टिळकांचा वाटा फार मोठा आहे. व्यासंगी पंडिताला धर्म पटणे आणि त्याच्या तोंडून प्रार्थना आपोआप येणे, यांत अंतर असते. टिळकांनी ते अंतर मातृभाषेच्या आधाराने कापले.

हे त्यांच्यापासून सुरू झाले असेही नाही. इंग्लंडातून १५७९ साली गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि हेतू एवढाच की जी माणसे कालपर्यंत पुराण ऐकत होती, त्यांना आज ओवीवाचून पोरके वाटू नये. देवळात आणि घरांत ते मोठ्याने वाचले जाई. वसईच्या ख्रिस्ती समाजानेही आपल्या बोली सांभाळत मराठीशी नाते राखले. त्या मातीतूनच आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

पंडिता रमाबाईंनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. संस्कृताची पंडिता असलेल्या या बाईने बायबलचे भाषांतर करायला घेतले ते कमी शिकलेल्या बायकांसाठी. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मराठी मात्र जाणूनबुजून साधी ठेवली. ज्या बाईला अनेक संस्कृत ग्रंथ मुखोद्गत होते, तिने जड शब्द बाजूला सारले. त्यांचा नवा करार १९१३ साली आणि संपूर्ण बायबल १९२४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. छपाईचे काम मुक्तीसदनातील बायकांनी केले. खिळे जुळवणाऱ्या बाईला तिचीच प्रार्थना तिच्याच बोलीत अक्षर-अक्षर हाताळायला मिळाली.

या केडगावाशी आपल्या बाजूचे एक नाते आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली व विधवांना घेऊन परतल्या. आपले पूर्वज मराठी घेऊन उत्तरेला आले. या मुली दक्षिणेला जाऊन मराठीत वाढल्या. १९०५ साली तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी काही जणींना रोज एकत्र जमून प्रार्थना करायला सांगितले. संख्या वाढत शेकड्यांवर गेली. जूनमध्ये मुली रडू लागल्या, सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. या जागृतीची वार्ता जगभर पोहोचली. भावनेच्या अशा उमाळ्याकडे साशंकतेने पाहणारेही होते, आणि ते स्वाभाविक आहे. पण लाट ओसरल्यावर काय राहिले ते पाहावे. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांची शाळा, आजाऱ्यांची शुश्रूषा हे सगळे चालू राहिले. उमाळा हा वाढीचा पुरावा नसतो. उमाळ्यानंतरचा सोमवार हा पुरावा असतो.

आणि जी प्रार्थना फळत नाही, तिचे काय? हा प्रश्न टाळून या विषयावर बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. रमाबाईंना तो कोवळ्या वयातच भेटला. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान, निष्ठावंत. सगळे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत फिरले, दानधर्म केला, पाठ केले. आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेली. देवाशी केलेला सौदा फसतो, हे त्यांनी इतक्या क्रूर रीतीने शिकले. ख्रिस्ती झाल्यावर दुःख थांबले का? नाही. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. तिच्यासाठी आईने प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? तरी भाषांतराचे काम त्यांनी खाली ठेवले नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या. टिळकांच्या घरातही लेकरांची मरणे झाली.

यातून मी एवढेच समजतो. सुरुवातीची प्रार्थना म्हणते, 'माझे ऐक.' पुढे कधीतरी ती म्हणते, 'मी ऐकतो आहे.' पहिली लहान आणि दुसरी मोठी असे नाही; मूल मागते तेव्हा त्यातही नाते असतेच. पण मागितलेले मिळाले नाही तरी जो उठून जात नाही, त्याचे नाते मागण्यापलीकडे गेलेले असते. येशूने अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत हीच प्रार्थना केली, असे शुभवर्तमाने सांगतात. समोरचा पेला टळावा म्हणून तो विनवतो, आणि मग पित्याची इच्छा आपलीशी करतो. पेला टळत नाही. ज्या धर्माच्या संस्थापकाचीच विनवणी मान्य झाली नाही, त्या धर्मात प्रार्थना म्हणजे हवे ते मिळवण्याची युक्ती असूच शकत नाही.

ऐकण्याची ही गोष्ट देवासकरांना मी काय सांगावी? कुमार गंधर्व १९४८ साली इथे आले ते क्षयाने खंगलेले. गाणे हेच ज्याचे जीवन, त्याला पाच-एक वर्षे गाता येऊ नये! त्या काळात त्यांनी ऐकले. माळव्याची लोकगीते, रस्त्याने जाणाऱ्या नाथपंथी गवयांची निर्गुणी भजने. आवाज परत आला तेव्हा गाणे बदललेले होते. ती ख्रिस्ती प्रार्थना नव्हती, आणि तिला तसे नाव देण्याची गरजही नाही. पण बोलता येत नाही ते दिवस वाया जात नाहीत, हे ज्या गावाने डोळ्यांनी पाहिले त्याला प्रार्थनेतील रुक्ष वर्षे समजावून सांगावी लागत नाहीत.

त्याच देवासात १९२१ साली एक इंग्रज लेखक थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा चिटणीस म्हणून काही महिने राहिला. ई. एम. फॉर्स्टर. राजवाड्यातील गोकुळाष्टमीचा उत्सव पाहून तो गोंधळला. गलका, गर्दी, अव्यवस्था. पण त्या गलक्यात तल्लीन झालेल्या महाराजांच्या भक्तीचा खरेपणा त्याने मान्य केला. त्याच्या 'अ पॅसेज टु इंडिया'च्या शेवटच्या भागात हा उत्सव आला आहे, आणि त्यात तुकारामांचे नाव गायले जाते. ज्या तुकारामांनी टिळकांना पूल दिला, तेच देवासच्या राजवाड्यातून जगाच्या वाङ्मयात गेले. बाहेरून पाहणाऱ्याला प्रार्थना नेहमी थोडी विसंगत, थोडी हास्यास्पद दिसते. तिच्या आत उभे राहिल्याशिवाय तिचे प्रमाण कळत नाही.

धारकडे वळले की आणखी एक चित्र दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथे काम सुरू केले आणि डॉ. मार्गारेट ओहारा यांनी बायका-मुलांसाठी रुग्णालय चालवले. माळव्यातील या मिशनच्या कामाची भाषा मुख्यतः हिंदी. म्हणजे इथल्या ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थना हिंदीत वाढली, जशी नगरची मराठीत वाढली. त्यात चूक-बरोबर काही नाही. देवाला मराठीच कळते, असा दावा टिळकही करणार नाहीत. प्रश्न देवाच्या भाषेचा नाही, आपल्या आतल्या भाषेचा आहे. माणूस ज्या भाषेत दचकतो, ज्या भाषेत आईला हाक मारतो, त्या भाषेत त्याला खोटे बोलणे सर्वांत कठीण जाते. प्रार्थनेला ती भाषा लागते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधू म्हणून यावेत, अशी त्यांची कल्पना. पंथाच्या भिंतीला दार पाडण्याचा तो प्रयत्न त्यांच्या हयातीत फार वाढला नाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि उरलेला बहुतेक सगळा भाग लिहून काढला. ज्याच्या बाप्तिस्म्याने आपला संसार एकदा मोडला, त्याच माणसाच्या प्रार्थनेचे काव्य त्या बाईने पुढे चालवले. हे पतीप्रेम होते, भक्ती होती, की दोन्ही एक झाली होती, ते वेगळे करता येत नाही. क्षमेची ती अवघड ओळ मात्र त्या कामात पाळली गेली, असे मला वाटते.

श्रोतेहो, वाढलेली प्रार्थना ओळखायची कशावरून, हा प्रश्न सुरुवातीला ठेवला होता. शब्द वाढले यावरून नाही, वेळ वाढला यावरून नाही, डोळ्यांत पाणी आले यावरूनही नाही. उंबरठ्यावरून ओळखावी. ज्या घराच्या प्रार्थनेतील 'आम्ही' मोठा होत गेला, त्या घराचा उंबरठा ओलांडणे परक्याला सोपे होत जाते. लक्ष्मीबाईंच्या हातातील पाण्याच्या पेल्यापासून प्लेगच्या छावणीपर्यंत, रमाबाईंच्या साध्या मराठीपासून मुक्तीच्या अंगणापर्यंत हीच एक खूण दिसते.

आणि करायचे काय, तर फार थोडे. पुष्कळ ख्रिस्ती घरांत देवघर नसते. तिथे जेवणाचे ताट हीच प्रार्थनेची जागा असते, आणि रात्री निजण्यापूर्वीची पाच मिनिटे. एक उतारा वाचायचा, कोणाकोणाची आठवण ठेवायची त्यांची नावे घ्यायची, दिवसात काय चुकले ते म्हणायचे, आणि थोडे गप्प बसायचे. आपल्या घरांतही दिवेलागण आहे. मुलांना पाठ येते का, हे आपण विचारतोच. त्यानंतर एक वाक्य त्यांचे स्वतःचे, त्यांना येईल तशा मराठीत, त्यांनी बोलावे असे आपण म्हणू शकतो. ते वाक्य अडखळेल, त्यात हिंदीचे दोन शब्द येतील, व्याकरण चुकेल. चुकू द्यावे. पाठ केलेली प्रार्थना पूर्वजांची असते. अडखळत बोललेली त्या मुलाची असते, आणि वाढते ती तीच.